‘आता रेल्वेनेच जाईन’ म्हणणाऱ्या बाई

ताई, स. न. वि. वि.

नाशिकला गंगापूर रोडवर माझं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. १९ वर्षं झाली. रेल्वे, बस, विमान आणि वर्षातून दोन-तीन ग्रुप टूर. मे महिन्यात निवृत्त शिक्षकांचा ३८ जणांचा ग्रुप उत्तराखंडला पाठवला. येताना दिल्लीहून विमान होतं. ऐन वेळी रद्द झालं. दुसऱ्या दिवशीचं दिलं, तेही रद्द झालं. त्या दोन दिवसांत कंपनीचा पार बोजवारा उडाला होता. माणसं दोन रात्री विमानतळावर खुर्च्यांवर आणि फरशीवर झोपली. शेवटी तीन गाड्यांत विभागून त्यांना नाशिकरोडला आणलं. त्याचा खर्च मीच केला. रिफंड वॉलेटला अर्धाच आलाय, उरलेल्याचं ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळतं.

ग्रुपमध्ये मला चौथीत शिकवणाऱ्या बाईही होत्या. वय ७१. घरी भेटायला गेलो तर म्हणाल्या, “तुझा काही दोष नाही रे, पण आता रेल्वेनेच जाईन.” ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर दुसऱ्या रात्री मी तीन तास फोन बंद ठेवला होता. काय सांगू हेच सुचत नव्हतं.

आता त्याच कंपनीचे अधिकारी येत्या गुरुवारी मुंबई नाक्याजवळ एका हॉटेलात आम्हा एजंटांची बैठक घेताहेत. ‘प्रवाशांचा विश्वास पुन्हा कसा मिळवायचा’ यावर आमच्या सूचना हव्या आहेत. प्रत्येकाला पाच मिनिटं. मी काय बोलू? आणि या कंपनीची तिकिटं विकत राहू की नको?

— एक तिकीटवाला, गंगापूर रोड

*

भाऊ,

तुम्ही पत्रात कंपनीचं नाव लिहिलंय, ते मी इथे छापलेलं नाही. पाच मिनिटं म्हणजे फार वेळ नाही, म्हणून आधी सांगते की सुरुवात बाईंच्या वाक्याने करा. स्वतःच्या नुकसानीने करू नका. ते नंतर येईलच.

असं का म्हणते ते सांगते. नाशिकला परत येण्याआधी मी मुंबईत एका विमान कंपनीत २२ वर्षं काढली. आधी काउंटरवर होते, नंतर तक्रार विभागात. तिथे एक गोष्ट हळूहळू कळली. काउंटरवर हात आपटणारा, ‘तुमच्या मालकाला बोलवा’ म्हणणारा माणूस महिन्याभराने पुन्हा आमच्याच रांगेत उभा दिसायचा. त्याचा राग तिथल्या तिथे निघालेला असायचा. पण बोर्डिंग पासची घडी घालून पर्समध्ये ठेवणारी, काहीही न बोलता बाजूला जाऊन बसणारी बाई पुन्हा दिसायची नाही. कंपनीकडे तक्रारींचा आकडा असतो, किती दिवसांत निकाली काढल्या त्याचाही असतो. न भांडता निघून गेलेल्यांची मात्र कुठेच नोंद नसते. गुरुवारी जे अधिकारी येतील त्यांच्या लॅपटॉपमध्ये तुमच्या बाई नाहीत. त्या फक्त तुम्हाला माहीत आहेत.

आता एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. संकट म्हटलं की आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. विमान पडणं आणि विमानं रद्द होणं, या दोन दुखण्यांना एक औषध नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, खाली जमिनीवर आणखी १९ जण गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्याकडे घराघरांत काय बोलणं चाललं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल. अशा वेळी ‘प्रवासी परत कसे आणायचे’ हा प्रश्न कंपनीने काही काळ तोंडातूनही काढू नये, असं माझं मत आहे. आधी ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात उभं राहावं.

मलेशिया एअरलाइन्सने २०१४ मध्ये साडेचार महिन्यांच्या आत दोन विमानं गमावली. ८ मार्चला एमएच ३७० नाहीसं झालं, त्यात २३९ माणसं होती. १७ जुलैला एमएच १७ युक्रेनवर पाडलं गेलं, त्यात २९८. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये एक स्पर्धा काढली. तिचं नावच असं की त्याचा अर्थ ‘मरण्यापूर्वी करायच्या गोष्टींची यादी’ असा होतो. लोक संतापले आणि नाव बदलावं लागलं. हे कुणी दुष्टपणाने केलं असेल असं मला वाटत नाही. विक्री उतरली की जाहिरात विभागाला घाई होते, आणि ज्या घरात अजून चूल नीट पेटलेली नाही तिथे आपण लाडू वाटायला निघालोय हे त्या घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी, २८ डिसेंबरला, एअरएशियाचं सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं विमान समुद्रात पडलं, १६२ जण गेले. कंपनीचे प्रमुख टोनी फर्नांडिस स्वतः सुराबायाला गेले, कुटुंबांना भेटले, स्वतःच्या नावाने बोलत राहिले. दुःख त्याने कमी झालं नसेल. पण बोलायला समोर कुणीतरी माणूस होता.

या बाबतीत जपान एअरलाइन्सचं उदाहरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. १२ ऑगस्ट १९८५ ला त्यांचं टोकियो-ओसाका विमान डोंगरावर कोसळलं, ५२४ पैकी ५२० माणसं गेली. त्या विमानाची शेपटी सात वर्षांपूर्वी उतरताना धावपट्टीला घासली होती, आणि तेव्हाची दुरुस्ती चुकीची झाली होती. कुठलीही कंपनी हे शक्य तितकं विसरायला लावेल. त्यांनी २००६ मध्ये हानेदा विमानतळाजवळ एक केंद्र उघडलं आणि त्या विमानाचे अवशेष तिथे मांडले. विमान कोसळतंय हे कळल्यावर प्रवाशांनी घरच्यांना लिहिलेल्या चिठ्ठ्याही. कंपनीत काम करणाऱ्यांना प्रशिक्षणासाठी तिथे नेतात. एकवीस वर्षं उशिरा का होईना, आपली चूक त्यांनी आपल्याच माणसांच्या डोळ्यांसमोर ठेवली. पुढे २ जानेवारी २०२४ ला हानेदाच्याच धावपट्टीवर त्यांचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले. पण यांचं विमान जळत असताना आतले सगळे ३७९ जण बॅगा जागेवर सोडून बाहेर आले. एका केंद्रामुळे हे घडलं असं म्हणणं भोळेपणाचं होईल. तरी तिथे प्रशिक्षण घेतलेली माणसं त्या दिवशी आपल्या कामाला चुकली नाहीत, एवढं मी नक्की म्हणेन.

तुमच्या बैठकीचा विषय दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणजे गोंधळाचा. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्री विमान उतरवणं सहा वेळांवरून दोन वेळांवर. नियम आधीपासून ठरलेले होते, दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला. इंडिगोकडे त्या हिशेबाने माणसं पुरली नाहीत आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त विमानं रद्द झाली. यातली माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीच्या निवेदनात तांत्रिक अडचण, हिवाळी वेळापत्रक, हवामान, गर्दी अशी कारणांची माळ होती आणि नव्या नियमांचा उल्लेख त्या माळेतला एक मणी होता. ‘आमचं नियोजन चुकलं’ हे पहिल्या दिवशी ठणकावून सांगितलं असतं तर लोक रागावलेच असते. पण विमानतळावर सहा तास बसलेल्या माणसाला हवामानाचं कारण ऐकवावं आणि त्याला काचेतून लख्ख ऊन दिसत असावं, हा अपमान तो विसरत नाही.

मीही हे पाप केलंय. जुलै महिना, मुंबईला धो-धो पाऊस, चेन्नईचं विमान लटकलेलं. आम्हाला वरून सांगितलं होतं, ‘अर्धा तास’ म्हणा. मी पाच वेळा ‘अर्धा तास’ म्हटलं. रांगेत कळवणचा एक शेतकरी होता, बायकोला दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सहाव्यांदा मी तोंड उघडलं तेव्हा तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “ताई, पयल्यांदाच पाच तास म्हनल्या असत्या तर डाक्टरला फोन करून येळ बदलून घेतली असती. आता तिकडं सगळे झोपले.” मला आजही तो आवाज ऐकू येतो. त्यानंतर मी माझ्यापुरता नियम केला. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणायचं, आणि दर अर्ध्या तासाने, नवीन काही नसलं तरी, लोकांसमोर येऊन उभं राहायचं. साहेबांनी एकदा त्यावरून झापलं. पण माझ्या काउंटरसमोरचा आरडाओरडा खरोखर कमी झाला.

तेव्हा गुरुवारी त्यांना एक साधा प्रश्न विचारा: तुमच्या काउंटरवरची मुलगी कुणालाही न विचारता किती रुपये खर्च करू शकते? बावीस-तेवीस वर्षांची ती पोर, बहुतेकदा कंत्राटावर, कंपनीचा रंग अंगावर घालून शिव्या खात उभी असते. समोरच्या म्हाताऱ्या माणसाला चहा द्यायचा तरी तिला परवानगी लागते. नियम सांगतो की दोन तासांहून जास्त उशीर झाला की ठरावीक परिस्थितीत खाणंपिणं द्यायचं, सहा तासांच्या वर गेला की दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. पण नियम आणि ती पोर यांच्यामध्ये तीन साहेब आणि एक बंद पडलेलं सॉफ्टवेअर असतं. तिच्या हातात दोन-तीन हजारांचा अधिकार द्या, म्हणावं. तेवढ्या पैशांत दिल्लीला बाईंना एक गादी, गरम वरणभात आणि घरी फोन लावून देणारा माणूस मिळाला असता, आणि त्यांचं वाक्य वेगळं असतं.

पैशांचं आता. तुमचा अडकलेला रिफंड ही तुमची खासगी कटकट समजून मागाल तर ते ‘बघतो’ म्हणतील. तसा मागू नका. डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांत एजंटाकडून घेतलेल्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच मानली आहे, कारण एजंट हा कंपनीने नेमलेला प्रतिनिधी. शिवाय ऐन वेळी, कंपनीच्या चुकीने विमान रद्द झालं तर भरपाईही ठरलेली आहे: तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. हे किती प्रवाशांना माहीत आहे? तुमच्या ३८ शिक्षकांपैकी किती जणांना होतं? माझी सूचना अशी आहे की हे चार ओळींत, मराठीत, तिकिटाच्या मागे किंवा मेसेजमध्ये छापून द्या, म्हणावं. जो माणूस आपल्याविरुद्धचा हक्क आपणहून सांगतो, त्याच्याशी व्यवहार करायला भीती वाटत नाही.

आणि मागायची वेळच येऊ देऊ नये. अमेरिकेतल्या जेटब्लू कंपनीची विमानं १४ फेब्रुवारी २००७ ला बर्फात अडकली, काही प्रवासी तासन् तास धावपट्टीवर विमानातच बसून होते. आठवड्याच्या आत कंपनीने प्रवाशांच्या हक्कांचा जाहीरनामाच काढला: इतका उशीर झाला तर इतकी भरपाई, हे आधीच ठरलेलं. संस्थापक स्वतः माफी मागत फिरले. पुढे काही महिन्यांतच ते प्रमुखपदावरून गेले, तेव्हा नुसत्या माफीने सगळं सावरतं असा भ्रम नको. पण कागद राहिला. अमेरिकेतल्याच साउथवेस्ट कंपनीचं २०२२ मधलं नाताळातलं प्रकरण आणखी बोलकं आहे. वादळ सगळ्यांनाच लागलं, बाकीच्या कंपन्या काही दिवसांत सावरल्या, यांची मात्र १६,००० हून जास्त विमानं रद्द झाली, कारण आपले वैमानिक आणि कर्मचारी नेमके कुठे अडकलेत हे त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला जुळवताच येईना. वर्षभराने अमेरिकी सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड लावला, आणि त्यातला मोठा हिस्सा पुढच्या प्रवाशांना उशिराची भरपाई देण्यासाठी राखायला लावला. हे मला फार आवडलं. शिक्षा मागच्या चुकीची, पण पैसा पुढे ज्याला त्रास होईल त्याच्यासाठी.

सवलतीच्या तिकिटांचा विषय बैठकीत निघेलच. ‘९९९ मध्ये उडा’ वगैरे. मान डोलावू नका. स्वस्त तिकिटाने जागा भरतात, पण त्या भरणारे कॉलेजची पोरं आणि सौदा शोधणारे असतात, ते तसेही आले असते. डिसेंबरच्या गोंधळानंतर फार हाल झालेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची व्हाउचर जाहीर झाली होती. महिन्यातून चारदा बेंगळुरूला जाणाऱ्या माणसाला ते चाललं असेल, मी नाकारत नाही. बाईंना मात्र व्हाउचर म्हणजे ज्या हॉटेलात पोट बिघडलं तिथल्याच पुढच्या जेवणाचं कुपन. दुधाने तोंड पोळलेल्याला ताक फुकट दिलं म्हणून तो ते फुंकायचं सोडत नाही.

मग बाईंना परत आणतं काय? याचं उत्तर मला विमानांच्या धंद्यात सापडलं नाही, आपल्या द्राक्षांत सापडलं. तुमच्या ओळखीतही बागायतदार असतीलच, त्यांना २०१० चा हंगाम विचारा. माझ्या मामेभावाची दिंडोरीला बाग आहे. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर सापडले. वेलीची वाढ रोखायला बागेत सर्रास वापरलं जाणारं औषध. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच ते नव्हतं. तिकडे बंदरात कंटेनर अडकले, सौदे मोडले, इकडे पॅकहाऊस ओस. बागायतदारांनी जाणूनबुजून कुणाला फसवलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय देणंघेणं?

तो बाजार परत आला तो कुणी सुंदर माफीपत्र लिहिलं म्हणून नाही, आणि भाव पाडले म्हणूनही नाही. सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. बागेची प्लॉटनिहाय नोंदणी आधीपासून होती, ती आणखी काटेकोर पाळली जाऊ लागली. नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल पास झाल्याशिवाय त्या प्लॉटचा माल निर्यातीला निघत नाही, आणि पेटीवरच्या नंबरवरून तिकडच्या माणसाला थेट दिंडोरीच्या बागेपर्यंत माग काढता येतो. मामेभाऊ तेव्हा वैतागायचा. “आमच्यावर विश्वासच नाही का?” म्हणायचा. आता गिऱ्हाईक आलं की तोच फाईल आधी पुढे सरकवतो, कागद मागायची वाट बघत नाही. गेलेली पत अशी, एकेका पेटीवरच्या नंबराने परत आली, आणि त्याला एकाहून जास्त हंगाम लागले.

विमान कंपनीची पेटी म्हणजे एकेक उड्डाण. डीजीसीए दर महिन्याला कंपन्यांचे आकडे प्रसिद्ध करतंच: वेळेवर किती सुटली, रद्द किती झाली, का झाली, तक्रारी किती आल्या. पण ते देशभराचे आकडे, दिल्लीच्या फायलीतले. नाशिकच्या माणसाला त्याच्या विमानाचं सांगा. मागच्या महिन्यात या मार्गावर किती दिवस विमान सुटलं, किती दिवस उशीर झाला, कुठल्या दिवशी रद्द झालं आणि नेमकं का. वाईट महिना असेल तर वाईट आकडा. तो तुमच्या ऑफिसच्या काचेवर दर पहिल्या तारखेला लागला पाहिजे. सुरुवातीला अधिकारी घाबरतील. घाबरू द्या.

नाशिकला याची गरज इतर शहरांपेक्षा जास्त आहे, आणि हे त्यांना स्पष्ट ऐकवा. आपल्या ओझर विमानतळावरून सेवा सुरू होते, पेपरात पेढे भरवतानाचे फोटो येतात, काही महिन्यांनी ती बंद होते आणि त्याचा मात्र फोटो येत नाही. असं आपण किती वेळा पाहिलं! त्यामुळे आपला माणूस विमानाचं तिकीट हातात असतानाही पंचवटी एक्सप्रेसची वेळ पाठ ठेवतो. पंचवटी १९७५ पासून धावते आहे. तिलाही उशीर होतो, गर्दीही असते, पण उद्या ती असेल याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. कंपनीला म्हणावं, नाशिकमध्ये तुमची स्पर्धा दुसऱ्या विमानाशी नंतर, आधी पंचवटीशी आहे. एखादा मार्ग बंद करायचा असेल तर किती दिवस आधी सांगाल हे आजच लेखी द्या.

त्यांना हे ऐकावं लागेल, कारण कुंभमेळा येतो आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. तुम्हाला आत्ताच का बोलावलंय असं वाटतं? देशभरातून माणूस इथे येणार, आणि त्याची तिकिटं काढणारे हात तुमच्यासारख्यांचे आहेत. ही ताकद स्वतःचं कमिशन वाढवून घेण्यात संपवू नका, एवढीच विनंती.

आता तुमचे तीन तास.

तुम्ही ते पत्रात एका ओळीत उरकले आहेत, पण मला त्या ओळीतच तुमचं खरं दुखणं दिसलं. कंपनीने तुमच्या माणसांशी जे केलं, ते त्या तीन तासांत तुम्हीही केलंत. हे टोचायला लिहीत नाही. मी पाच वेळा ‘अर्धा तास’ म्हणालेली बाई आहे, मला तो अधिकार नाही. सुचत नव्हतं हे मी समजू शकते. दोन रात्री तुम्ही इथे बसून ३८ माणसांची तिकिटं शोधत होतात, पैसे खिशातले घालत होतात, घरी कुणाशी धड बोलला नसाल. पण दिल्लीच्या फरशीवर बसलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला फक्त ‘स्विच ऑफ’ ऐकू येत होतं. ३८ जणांना हे जाऊन सांगा. फोनवर नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. ‘दुसऱ्या रात्री मी फोन बंद ठेवला होता, घाबरलो होतो, तुम्हाला एकटं टाकलं’ एवढंच. कारणं देऊ नका. बॅटरी संपली वगैरे तर अजिबात नको. आणि त्याच भेटीत प्रत्येकाच्या हातात त्याच्या पैशांचा हिशेब द्या: तिकीट इतक्याचं, आलेला रिफंड इतका, येणं बाकी इतकं, रेल्वेचा खर्च माझा. कंपनीकडून तुम्ही जे मागणार आहात ते आधी तुमच्या दुकानात दिसू दे. मग गुरुवारी उभे राहाल तेव्हा आवाज आपोआप वेगळा निघेल.

त्या कंपनीची तिकिटं विकायची का? विका. तुमचा धंदा आहे, आणि उद्या दुसऱ्या कंपनीचंही असंच होऊ शकतं. पण विकताना सांगायला लागा. म्हातारी माणसं, लहान मुलं, ऑपरेशन किंवा परीक्षा असेल तर दिवसातलं पहिलं विमान घ्या, कारण ते बहुधा रात्री तिथेच मुक्कामाला असतं आणि दिवसभराचा उशीर त्याच्या मागे लागलेला नसतो. परतीच्या दिवशीच पुढची गाडी पकडायची असं आखू नका. मोठा ग्रुप असेल तर सोबत एक जाणता माणूस द्या, ज्याच्या हातात पैसे आणि निर्णय दोन्ही असतील. तुमच्या काउंटरवरच्या मुलीला तुम्ही किती रुपयांचा अधिकार दिलाय, तेही एकदा बघा.

गुरुवारी पाच मिनिटांत हे सगळं मावणार नाही. मग तीनच मागा आणि तिन्ही तारखेसकट मागा: अडकलेले सगळे रिफंड कुठल्या तारखेपर्यंत, नाशिकच्या मार्गांचे आकडे कुठल्या तारखेपासून, आणि रात्री दोन वाजता उचलला जाईल असा एका माणसाचा नंबर, नावासकट. ‘कळवतो’ म्हणाले तर कोण कळवणार ते तिथेच लिहून घ्या.

आणि जमलं तर बाईंना सोबत न्या. बैठक एजंटांची आहे म्हणून कुणी अडवलं तर म्हणा, माझ्या पाच मिनिटांतली तीन यांची. बाईंनी आयुष्यभर वर्गासमोर उभं राहून शिकवलंय, त्यांना माईक लागणार नाही. न्यायला-आणायला गाडी करा, गुडघे दुखत असतील तर पुढच्या रांगेतली खुर्ची आधीच धरून ठेवा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई